उपग्रहाला तुमचा पत्ता ठाऊक नाही

‘सॅटेलाइटवरून तुमच्यावर चोवीस तास नजर आहे’ अशा अर्थाचा फॉरवर्ड कुठल्या ना कुठल्या ग्रुपवर अधूनमधून उगवतोच. त्यातली नजर अगदीच खोटी नाही, पण सॅटेलाइट मात्र खोटा आहे. तुमचा फोन जगात आहे हेसुद्धा जीपीएसच्या उपग्रहाला माहीत नसतं. फोनमधला जीपीएस फक्त ऐकतो, उलट बोलत नाही. म्हणूनच बहुतेक फोनमध्ये एअरप्लेन मोड लावला तरी नकाशावरचा निळा ठिपका सरकत राहतो.

मग जागा कळते कशी? जमिनीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर तीसेक उपग्रह फिरत असतात. स्वतः कुठे आहोत आणि स्वतःच्या घड्याळात किती वाजलेत, एवढंच ते सारखं सांगत असतात. संदेश यायला लागलेला वेळ गुणिले प्रकाशाचा वेग, की झालं अंतर. एका उपग्रहापासूनचं अंतर मिळालं की तुम्ही एका प्रचंड गोलाच्या पृष्ठभागावर कुठेतरी आहात एवढं ठरतं. दुसरा गोल पहिल्याला वर्तुळात छेदतो, तिसरा त्या वर्तुळाला दोन बिंदूंत. त्यातला एक बिंदू पृथ्वीपासून फार दूर पडतो, तो सोडून द्यायचा. म्हणजे शाळेतल्या भूमितीच्या हिशोबाने तीन उपग्रह पुरेसे.

पण पुरत नाहीत, आणि खरी गंमत इथेच आहे. उपग्रहात अणुघड्याळ असतं, फोनमध्ये स्वस्तातलं क्वार्ट्‌झ. प्रकाश सेकंदाला जवळपास ३ लाख किलोमीटर जातो, त्यामुळे फोनचं घड्याळ सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाने (म्हणजे एका मायक्रोसेकंदाने) चुकलं तरी अंतर ३०० मीटरने चुकतं. खिशात अणुघड्याळ घेऊन फिरणं तर शक्य नाही. यावरचा तोडगा मला फार आवडतो. घड्याळ चुकीचंच आहे असं धरून चालायचं आणि ती चूक ‘क्ष’ मानायची! घड्याळ एकच असल्यामुळे सगळ्या अंतरांत सारखीच चूक शिरलेली असते. जागेचे तीन अज्ञात आकडे आणि हा चौथा, म्हणून चार समीकरणं, म्हणून चौथा उपग्रह. घड्याळ किती पुढे-मागे सरकवलं तर चारही गोल एकाच बिंदूत भेटतील, हे फोन सोडवतो. जागेबरोबर अचूक वेळही फुकटात मिळते. कित्येक मोबाइल टॉवर आपली घड्याळं जीपीएसवरूनच लावतात.

आता आइन्स्टाइन. त्याच्या सापेक्षता सिद्धांतानुसार वेगामुळे उपग्रहावरचं घड्याळ दिवसाला ७ मायक्रोसेकंद मागे पडतं आणि तिथलं गुरुत्व कमी म्हणून ४५ ने पुढे जातं. हिशेब ३८ ने पुढे. ‘सापेक्षता विसरलात तर नकाशा दिवसाला ११ किलोमीटर भरकटेल’ हे वाक्य सगळीकडे मिरवलं जातं, पण ते अर्धंच खरं आहे. सगळे उपग्रह सारखेच पुढे पळाले तर ती चूक बरीचशी आपल्या ‘क्ष’मध्येच जिरेल. मात्र कक्षा तंतोतंत वर्तुळ नसतात, त्यामुळे प्रत्येकाची घाई थोडी वेगळी असते. ती फोनला वेगळी वजा करावी लागते. मूळ ३८ ची तजवीज घड्याळाची गती आधीच किंचित कमी ठेवून केलेली असते: १०.२३ मेगाहर्ट्‌झऐवजी १०.२२९९९९९९५४३. सापेक्षता थोतांड आहे असं सांगणारे व्हिडिओ करणारेही रस्ता याच आकड्यांच्या भरवशावर शोधतात.

उंच इमारतींमध्ये संदेश भिंतींवर आपटून उशिरा पोचतो आणि ठिपका शेजारच्या रस्त्यावर उडी मारतो. घरात फोन आसपासच्या वाय-फायवरून अंदाज बांधतो.

राहिली ती नजर. ती जमिनीवरचीच. फोनने काढलेली जागा, आपण परवानगी दिलेली असली की, अ‍ॅप इंटरनेटवरून कंपनीच्या सर्व्हरला कळवतं. नकाशावरची रहदारीची लाल रेघ मुख्यतः अशा हळू सरकणाऱ्या फोनांवरूनच येते. सायमन वेकर्ट या कलाकाराने २०२० साली हे मजेत दाखवून दिलं. गूगल मॅप्स चालू असलेले ९९ जुने फोन एका छोट्या हातगाडीत भरून त्याने ती बर्लिनच्या रस्त्यांवरून ओढत नेली. रस्ता जवळजवळ मोकळा होता, नकाशावर मात्र लाल. अशी लाल रेघ दिसली की अ‍ॅप मागून येणाऱ्यांना बाजूच्या गल्लीतून जायला सांगतं. पुरेसे लोक तिकडे वळले की गल्ली खरोखरच तुंबते, आणि ते कळवायलाही त्यांचेच फोन असतात.