कॅम्पर व्हॅन, जुनी (फोक्सवॅगन टाइप २)

झोपणे, स्वयंपाक व मुक्काम यांची सोय आतच बसवलेली मोटारगाडी. घोड्यांनी ओढायची फिरती घरे ब्रिटनमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हौसेने वापरली जात. मोटारीवर बांधलेले नमुने विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेत व यूरोपात दिसू लागले. प्रस्तुत नोंद फोक्सवॅगनच्या ‘टाइप २’ या डब्यासारख्या, मालवाहू व प्रवासी रूपांत निघणाऱ्या गाडीवर बांधलेल्या आणि आता संग्राह्य ठरलेल्या कॅम्परपुरती आहे.

उगम : बेन पॉन या डच वाहनविक्रेत्याने २३ एप्रिल १९४७ रोजी टिपणवहीत काढलेले रेखाचित्र हा या गाडीचा प्रारंभ मानण्याचा प्रघात आहे. डब्यासारखा आकार, चालक पुढच्या आसावर, इंजिन मागच्या आसावर आणि सुमारे ७५० किग्रॅ. भार, एवढेच त्यात दिसते. मात्र हे चित्र अकस्मात सुचलेले नव्हते. फोक्सवॅगनचा वोल्फ्सबुर्ग येथील कारखाना तेव्हा ब्रिटिश लष्कराच्या देखरेखीखाली होता. तेथे सुटे भाग हलवण्यासाठी बीटल मोटारीचेच इंजिन व चाके वापरून एक सपाट गाडी बनवली होती. तिला ‘प्लाटेनवागेन’ म्हणत. तिचे श्रेय सामान्यतः कारखान्याचे ब्रिटिश प्रमुख मेजर आयव्हन हर्स्ट यांना दिले जाते. ही गाडी नेदरलँड्समध्ये आणून विकावी असे पॉन यांच्या मनात होते. पण तिचा चालक मागे बसे, आणि चालक पुढेच हवा असे सांगून तेथील वाहतूक खात्याने परवानगी नाकारली, असे बहुतेक लेखनात आढळते. रेखाचित्रात चालक अगदी पुढच्या टोकाला का आहे, याचा उलगडा या नकारातून होतो. म्हणून एकट्या रेखाचित्राला उगम मानण्यापेक्षा प्लाटेनवागेन, नकार आणि मग रेखाचित्र हा क्रम अधिक ग्राह्य वाटतो.

कारखान्याची क्षमता अपुरी असल्याने कल्पना काही काळ पडून राहिली. हाइन्झ नॉर्डहॉफ १९४८ मध्ये प्रमुख झाल्यावर तिला चालना मिळाली. बीटलच्या चासीवर उभारलेला पहिला नमुना १९४९ च्या चाचणीत टिकला नाही, तेव्हा खालून शिडीसारखे आडवे-उभे आधार दिलेला एकसंध सांगाडा स्वीकारण्यात आला. ब्राउनश्वाइगच्या तंत्रविद्यापीठातील वातबोगद्यात समोरचा भाग गोलाकार केल्यावर वायुरोधाचा गुणांक ०.७५ वरून ०.४४ पर्यंत खाली आला. गाडी नोव्हेंबर १९४९ मध्ये पत्रकारांना दाखवण्यात आली. नियमित उत्पादन मार्च १९५० मध्ये सुरू झाले आणि १९५६ मध्ये ते हॅनोव्हरला हलले. दुभंगलेल्या समोरच्या काचेची पहिली पिढी जर्मनीत १९६७ पर्यंत, सलग बाकदार काचेची दुसरी १९७९ पर्यंत निघत होती. ब्राझीलमध्ये मात्र दुसऱ्या पिढीची गाडी २०१३ पर्यंत तयार होई. एअरबॅग व एबीएस सक्तीचे झाल्यावर ती थांबली.

मालवाहू गाडीचे घर : वेस्टफॅलिया ही रेडा-व्हीडेनब्र्युक येथील जुनी वाहनबांधणी संस्था. तिने १९५१ च्या सुमारास ‘कॅम्पिंग बॉक्स’ काढला. जर्मनीत नेमणुकीवर असलेल्या एका परदेशी (बहुतेक लेखनानुसार अमेरिकी) लष्करी अधिकाऱ्याच्या मागणीवरून तो घडला असे सांगतात; अधिकाऱ्याचे नाव मात्र या कथेत येत नाही, त्यामुळे ती जपूनच घ्यावी. बाक, बिछाना व कपाटे यांचा हा संच काढता-घालता येई. आठवडाभर माल वाहायचा आणि सुटीला तीच गाडी घेऊन कुटुंबासह बाहेर पडायचे, हा त्यामागचा हिशोब युद्धोत्तर जर्मनीतल्या छोट्या व्यावसायिकाला परवडणारा होता. कायमच्या बसवलेल्या लाकडी सजावटी त्यानंतर आल्या.

कॅम्परच्या प्रसाराचे श्रेय तिच्या रूपाला सहज दिले जाते. करविषयक नियमांचा वाटा त्याहून मोठा असावा. ब्रिटनमध्ये मोटारीवर खरेदीकर होता. आतले सामान पक्के बसवलेले असेल तर गाडी फिरते घर ठरून त्यातून सुटे. सिडमथ येथील ‘डेव्हन’ ही कॅम्पर बांधणारी संस्था आणि फोकस्टोनच्या मार्टिन वॉल्टर कंपनीची ‘डॉर्मोबिल’ (एका बाजूस बिजागरी असलेले, कापडी भिंतींसह उघडणारे छत ही तिची खूण) यांचा धंदा या सवलतीच्या काळात वाढला. व्यापारी वाहनांवर ताशी ३० मैलांची मर्यादा असताना पीटर पिट या बांधणीकाराने, व्यापारी गाड्यांना बंदी असलेल्या विंडसर ग्रेट पार्कमध्ये आपली कॅम्पर मुद्दाम नेली, खटला ओढवून घेतला आणि तो जिंकून कॅम्परला खासगी मोटारीचा दर्जा मिळवून दिला, अशी माहिती मिळते. अमेरिकेने १९६४ पासून हलक्या मालवाहू गाड्यांवर २५ टक्के आयातशुल्क बसवले. जर्मनी व फ्रान्स यांनी अमेरिकी कोंबड्यांवर लावलेल्या कराचे ते उत्तर होते. बंद डब्याच्या टाइप २ गाड्या त्यात सापडल्या. खिडक्या-आसनांच्या गाड्या व कॅम्पर वाचल्या.

बाळगणे : हवेने थंड होणारे, मागे बसवलेले चार सिलिंडरचे इंजिन आरंभी ११३१ घ.सेंमी. व २५ अश्वशक्तीचे होते. रेडिएटर नसल्याने पाणी उकळण्याची चिंता नाही. पण पंख्याची हवा इंजिनाभोवतीच फिरावी म्हणून लावलेले पत्रे आणि रबरी पट्ट्या शाबूत असाव्या लागतात. पट्ट्या गेल्या की खालची तापलेली हवा पुन्हा वर ओढली जाते आणि लांबच्या चढावर सिलिंडर-हेड भाजून निघते. व्हॉल्व्हची फट (टॅपेट) दर ५,००० किमी.च्या आसपास तपासावी. सर्वांत गंभीर धोका आगीचा. जुने रबरी पेट्रोल-पाइप कडक होऊन चिरतात, थेंब तापलेल्या इंजिनावर पडतो, आणि सांगाड्यासकट घर जळते. ब्रिटनमध्ये २०२१ पासून १० टक्के इथेनॉलचे पेट्रोल सर्वसाधारण झाल्यावर इथेनॉलला टिकणारे पाइप बसवणे अत्यावश्यक ठरले आहे.

गंज हा दुसरा शत्रू. उत्तर यूरोपात हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात. खालचे पोकळ आधार, चाकांच्या कमानी, बॅटरीचा तळ आणि छताची पन्हळ आधी जाते. वरून रंगवलेली गाडी आतून पोखरलेली असू शकते, म्हणून खरेदीपूर्वी ती उचलून खालून पाहावी. कॅलिफोर्नियाच्या कोरड्या हवेत राहिलेल्या गाड्या यूरोपात परत आणल्या जातात त्या याच कारणाने. २३ खिडक्यांच्या उत्तम ‘सांबा’ (टाइप २ चा आलिशान प्रवासी प्रकार) अमेरिकी लिलावांत २ लाख डॉलरच्या वर गेल्या आहेत; ती कॅम्पर नव्हे, हे भाव वाचताना ध्यानात असावे.

जर्मनीत ३० वर्षे पूर्ण झालेल्या, मूळ रूपातील गाडीला १९९७ पासून ऐतिहासिक वाहनाची ‘एच’ क्रमांकपट्टी मिळते. ब्रिटनमध्ये ४० वर्षांवरील, फारसा बदल न केलेल्या गाडीला मे २०१८ पासून वार्षिक पासिंग लागत नाही. ही सवलत घेऊ नये, असे प्रस्तुत लेखकाचे स्पष्ट मत आहे. ब्रेक व स्टिअरिंगची झीज चालवणाऱ्याच्या लक्षात येत नाही.

प्रवास : वाहन आणि घर यांतला प्रश्न मुक्कामाच्या जागी पुन्हा उभा राहतो. जर्मनीत थकवा घालवण्यासाठी रस्त्याकडेच्या पार्किंगमध्ये एक रात्र झोपणे चालते, खुर्च्या-टेबल मांडणे नाही. स्कॉटलंडच्या २००३ च्या भूमी कायद्याने दिलेला मोकळ्या जागी वावरण्याचा हक्क माणसाला आहे, मोटारीला नाही.

इस्तंबूल, तेहरान, काबूल, लाहोर, दिल्ली या मार्गाने १९६० व ७० च्या दशकांत अशा गाड्या भारतात येत. काही पुढे काठमांडूला, तर काही गोव्यात हणजूण-कळंगुटच्या किनाऱ्यांवर मुक्काम करीत. १९७९ मधील इराणची क्रांती व अफगाणिस्तानातील सोव्हिएत आक्रमण यांनी हा मार्ग तुटला. इराण, पाकिस्तान व भारत येथे परदेशी गाडी तात्पुरती आणण्यास ‘कार्ने’ हा जकात-हमीचा दस्तऐवज लागतो. मुदतीत गाडी बाहेर न गेल्यास शुल्क हमीतून वसूल होते. भारतीय गाडी बाहेर नेणाऱ्यांना तो मुंबईच्या वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाईल असोसिएशनमार्फत मिळतो.