धोतऱ्याने टाकलेला रुमाल

मिरचीचं बी आणि धोतऱ्याचं बी शेजारी ठेवलं तर घाईत फरक कळत नाही. डॉक्टरकी शिकणाऱ्यांना न्यायवैद्यकाच्या तोंडी परीक्षेत हा प्रश्न हमखास येतो. मिरचीचं बी पातळ, गोलसर, पिवळं. धोतऱ्याचं जाडसर, तपकिरी, मूत्रपिंडाच्या आकाराचं, वर बारीक खळगे. एक तिखट, दुसरं कडू (चव घेऊन खात्री करायच्या भानगडीत पडू नये). साम्य असणारच, कारण दोन्ही एकाच कुळातली. वांगं, टोमॅटो आणि बटाटाही त्याच घरातले.

पण परीक्षेत हे विचारतात त्याला कारण आहे. वाटसरूच्या अन्नात धोतरा मिसळून त्याला लुटणं हा आपल्याकडचा फार जुना धंदा. गोव्यात राहणारा पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता याने 1563 साली तिथेच छापलेल्या पुस्तकात याचं वर्णन केलंय. धोतरा पोटात गेलेला माणूस नुसता हसत राहतो, विचारल्याचं धड उत्तर देत नाही, आणि चोर डोळ्यांदेखत दागिने नेतात तरी अडवत नाही.

हे घडवून आणतात अ‍ॅट्रोपीन, हायोसायमीन आणि स्कोपोलामीन ही अल्कलॉइडं, म्हणजे झाडाने बनवलेली जहाल रसायनं. धोतरा ती मुळांत बनवतो आणि तिथून वर पानाफुलांत, बियांत पाठवतो. धोतऱ्याच्या मुळावर टोमॅटोचं कलम बांधलं तर टोमॅटोच्या झाडातही हे विष चढतं, इतकं ते मुळाचं काम.

आपल्या शरीरात अ‍ॅसिटिलकोलीन नावाचा निरोप्या असतो. नसेच्या टोकाकडून निघायचं, पुढच्या पेशीवरच्या ठरलेल्या जागी बसायचं, की निरोप पोचला. धोतऱ्याची अल्कलॉइडं काय करतात? एसटीत खिडकीतून रुमाल टाकून जागा अडवावी, तसं ती त्या जागा अडवतात. स्वतः निरोप देत नाहीत, दुसऱ्याला बसू देत नाहीत.

मग ज्या ज्या अवयवांत या जागा अडतात तिथलं काम थांबतं. लाळ सुटत नाही, जीभ टाळूला चिकटते. बाहुल्या विस्फारतात, उजेड सोसत नाही, जवळचं वाचता येत नाही. घाम आटतो, म्हणून अंग तापतं आणि चेहरा लालबुंद होतो. हृदयाचा लगाम सुटून नाडी धावते. मूत्राशय तुडुंब, पण लघवी होत नाही. आतडी सुस्तावतात, त्यामुळे पोटातलं बी तिथेच रेंगाळतं आणि विष झिरपत राहतं. परिणाम कधी कधी दोन-तीन दिवसही उतरत नाही.

मेंदूत अ‍ॅसिटिलकोलीनकडे लक्ष आणि स्मरण ही दोन मोठी खाती आहेत. तीच बंद पडली की माणूस वातात बरळायला लागतो. समोर नसलेल्या नातेवाइकाशी गप्पा मारतो. बोटांत नसलेली विडी ओढतो. चादरीवरचे, हवेतले अदृश्य धागे चिमटीत धरून वेचत बसतो. बरा झाल्यावर यातलं बहुतेक त्याला आठवत नाही.

भ्रम घडवणाऱ्या सगळ्याच वनस्पती एका जातीच्या नाहीत. मेक्सिकोतल्या पेयोटे निवडुंगातलं मेस्कलीन सेरोटोनिन या दुसऱ्याच निरोप्याच्या जागांवर बसून त्या चाळवतं. त्यात रंग आणि आकार भलतेच दिसतात, पण आपण काहीतरी विचित्र पाहतोय याचं भान बऱ्याचदा शाबूत असतं. धोतऱ्यात ते भानच जातं. म्हणून त्याला नशा म्हणणं मला पटत नाही. ते सरळसरळ विष चढणं आहे. त्यातून झाडागणिक, पानाबियांगणिक अल्कलॉइडांचं प्रमाण बदलतं. 'थोडंसं' म्हणजे किती, हे कुणीच सांगू शकत नाही. गणपतीच्या पत्रीत आणि महादेवाच्या पिंडीवर धोतरा शोभतो, तिथेच असू द्यावा. पोटात गेल्याचा नुसता संशय आला तरी घरगुती उपाय न करता थेट दवाखाना गाठावा.

गंमत अशी, की हीच जागा अडवण्याची खोड जीव वाचवते. ऑर्गॅनोफॉस्फेट गटातली कीटकनाशकं नेमका उलटा घोळ घालतात. निरोप्याला काम झाल्यावर जागेवरून उतरवणारा कंडक्टर, म्हणजे एक एन्झाइम, ती निकामी करतात. गाडीत चेंगराचेंगरी होते. लाळ, घाम, छातीत पाणी. रोगी आपल्याच स्रावांत गुदमरतो. 2017 च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना अनेक शेतकरी, शेतमजूर दगावले, तेव्हा फवारणीची विषबाधा हा शब्द शहरातल्या वर्तमानपत्रांतही पोचला. या गटाच्या विषावर अ‍ॅट्रोपीन हा मुख्य उतारा. त्या गर्दीतच रुमाल टाकून जागा अडवायच्या, म्हणजे निरोप कमी पोचतात.

पण किती टाकायचे? डॉक्टर छातीला स्टेथोस्कोप लावून घरघर थांबली का ऐकत, नाडी मोजत इंजेक्शन वाढवत जातात. छाती कोरडी झाली की बेताबेताने ते सलाइनमधून चालू ठेवतात. आणि रात्री कधी नर्स सांगत येते, की पेशंटचं अंग तापलंय आणि तो चादरीवरचे धागे वेचतोय. मग सलाइनमधलं अ‍ॅट्रोपीन काही काळ थांबवतात.