लॉन "एकदम बारीक" मारायला सांगू नका, प्लीज

आम्ही लॉन सांभाळायची कामं घेतो. गणपतीच्या आधी आठ दिवस आमचा फोन थांबत नाही आणि सगळ्यांचं म्हणणं एकच, पाहुणे येणारेत, मुलाला पाठवा आणि एकदम बारीक मारायला सांगा. गेल्या वर्षी घोडबंदरला एका रो हाऊसमध्ये आमच्याकडे कामाला असलेल्या मुलाने ऐकलं आणि मारलं बारीक, महिनाभर कापलं नव्हतं, पार घोट्यापर्यंत आलेलं. संध्याकाळी काकूंचा फोन, "अहो लॉन जाळलंत की काय तुम्ही?"

जाळलं नव्हतं, ते आधीपासूनच तसं होतं. वाढलेलं गवत एकदा हाताने बाजूला करून बघा, वरचा इंचभरच हिरवा असतो, खाली नुसत्या पिवळ्या काड्या, कारण खाली ऊनच पोचत नाही. वरचं सगळं उडवलं की त्या काड्या उघड्या पडतात. पानं गेली म्हणजे गवताचं जेवण बंद, मग ते मुळांमधला साठा खात बसतं, आणि मोकळ्या झालेल्या मातीवर ऊन पडलं की लव्हाळ्याचं तण आलंच. नीट हिरवं व्हायला तीन-चार आठवडे जातात, तोपर्यंत अनंत चतुर्दशी होऊन गेलेली असते.

म्हणून आम्ही एका वेळी उंचीच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त कापत नाही. फारच वाढलं असेल तर आठवड्याच्या अंतराने दोन-तीनदा येऊन खाली आणतो. लोकांना वाटतं हे व्हिजिट वाढवायला करतात. पण खरं सांगू, जळकं लॉन परत उठवायला आमच्याच चकरा जास्त होतात, त्याचे पैसे मागायलाही लाज वाटते. पावसाळ्यात आठ-दहा दिवसांनी आणि थंडीत तीन आठवड्यांनी कटिंग झालं की हा प्रश्नच येत नाही, महिन्याचं काम दिलेल्यांकडे आम्ही तेच करतो आणि ब्लेडला धार लावूनच येतो. बोथट ब्लेडने गवत कापलं जात नाही, फाटतं, आणि दुसऱ्या दिवशी शेंडे पांढरट दिसतात.

पाणी सकाळी घाला. रात्रभर पानं ओली राहिली की बुरशीचे गोल डाग येतात, मग लोक युरिया टाकतात आणि अजून बिघडतं. पाणी हवंय का हे कळायला लॉनवरून चालून मागे बघा, गवत लगेच उभं राहिलं तर आज नको, पावलं तशीच दिसत राहिली तर घाला. एरवी युरिया द्यायचा तर शंभर स्क्वेअर फुटाला शंभर ग्रॅम, पानं कोरडी असताना टाकायचा आणि लगेच भरपूर पाणी. मूठ मूठ फेकलात तर जिथे मूठ पडली तिथे ठिपका जळणार.

लव्हाळा नुसता ओढू नका, पान हातात येतं, गाठ खालीच राहते. माती ओली असताना खुरप्याने गाठीसकट काढा. आणि स्वस्तातली लाल माती घेताना सांभाळून, हा पाहुणा बऱ्याचदा तिच्यातूनच येतो.

नेरूळ-खारघरला ग्राउंड फ्लोअरच्या गार्डनमध्ये, दोन बिल्डिंगच्या मध्ये जिथे दिवसभर सावली असते, तिथे मेक्सिकन जातीचं लॉन टिकत नाही हो, तीनदा लावलं तरी. आम्ही ते काम घेत नाही, तिथे सावलीतली झाडं आणि खडी छान दिसते, तेवढं करून देऊ.

गणपतीसाठी हिरवं हवं असेल तर तीन आठवडे आधी बोलवा. आणि फोन करायच्या आधी दोन फोटो व्हॉट्सॲप करा, एक लांबून आणि एक गवत हाताने बाजूला करून.