ते बारा रुग्ण आणि 'कॅन्सरवरचं रामबाण औषध'

जून 2022 पासून एक फॉरवर्ड फिरतोय: कॅन्सरवर औषध सापडलं, सगळे रुग्ण सहा महिन्यांत बरे! बातमी खोटी नाही, अर्धी आहे. आणि गाळलेला अर्धा भागच महत्त्वाचा.

औषधाचं नाव डोस्टारलिमॅब. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग या कॅन्सर रुग्णालयात गुदाशयाच्या कॅन्सरच्या 12 रुग्णांना ते दर तीन आठवड्यांनी, सहा महिने दिलं. बाराही जणांची गाठ तपासण्यांत दिसेनाशी झाली. ऑपरेशन नाही, रेडिएशन नाही, केमो नाही. पण हे बाराजण निवडून घेतलेले होते. त्यांच्या गाठींत डीएनएतल्या चुका दुरुस्त करणारी यंत्रणा (तिलाच एमएमआर म्हणतात) बिघडलेली होती. अशा पेशींत म्युटेशन्स साचत जातात, त्यामुळे प्रतिकारशक्तीला त्या परक्या म्हणून ओळखता येतात. त्या मात्र पीडी-1 नावाचा ब्रेक दाबून तिला थोपवतात. औषध तो ब्रेक सोडवतं.

गुदाशयाच्या कॅन्सरमध्ये असे रुग्ण शंभरात साधारण पाच ते दहा. बाकीच्यांना एकट्या या औषधाचा फारसा उपयोग होत नाही. म्हणूनच 'ते अमेरिकेतलं इंजेक्शन येऊ दे' म्हणत ठरलेली केमो लांबवणं मला धोक्याचं वाटतं.

2025 मध्ये याच औषधाचा मोठा अभ्यास आला. गुदाशयाच्या 49 पैकी 49 जणांत गाठ नाहीशी झाली; इतर अवयवांत 54 पैकी 35. खूण मात्र सगळ्यांत तीच, बिघडलेल्या दुरुस्तीची. ती बायोप्सीच्या तुकड्यावरच तपासता येते. डॉक्टरांना विचारायचं ते हेच: एमएमआर तपासणी झाली का?