चांदी रंगाचं विमान खेळण्यासारखं का दिसतं?

२६ सप्टेंबर २०२५ला चंदीगडला हवाई दलाचं मिग-२१ हे लढाऊ विमान निवृत्त झालं आणि माझ्या ओळखीतल्या बऱ्याच मॉडेलवाल्यांनी, म्हणजे प्लॅस्टिकचे सुटे भाग जोडून-रंगवून छोटी विमानं करणाऱ्यांनी, कपाटातली किट्स बाहेर काढली. बहुतेकांना करायचंय ते सुरुवातीचं मिग, १९६३पासून आपल्याकडे आलेलं, पुढे नाशिकजवळ ओझरच्या एचएएलमध्ये (हिंदुस्तान एरोनॉटिक्स) बनलेलं, बिनरंगाचं, उघड्या धातूचं. आणि सगळ्यांची तक्रार एकच, चांगला सिल्व्हर आणला, दोन हात नीट मारले, तरी विमान जत्रेतल्या खेळण्यासारखं दिसतंय. मग कोणीतरी सांगतं ब्रँड बदल. मला ते पटत नाही, कारण रंगापेक्षा इथे खरा खेळ दिशेचा आहे.

आधी एक गैरसमज. सिल्व्हर पेंटमध्ये चांदी नसते, अॅल्युमिनियमच्या बारीक चपट्या टिकल्या असतात, पारदर्शक रेझिनमध्ये तरंगणाऱ्या. धातू चमकतो तो त्यातल्या मोकळ्या इलेक्ट्रॉन्समुळे, प्रकाश पडला की ते हलतात आणि तो प्रकाश परत फेकतात, स्वच्छ अॅल्युमिनियम दिसणाऱ्या प्रकाशातला साधारण ९० टक्के परत देतं. पण धातूचा पृष्ठभाग सलग असतो. काजूकतलीवरचा वर्ख बघा, कितीही पातळ असला तरी तो धातूच दिसतो, कारण तो एकसंध आहे. रंगात तसं नाही, तिथे लाखो सुटे आरसे आहेत आणि प्रत्येकाचं तोंड वेगळीकडे.

सोसायटीच्या गेटला मारलेला सिल्व्हर सोनाराच्या १०एक्स भिंगातून बघा. काही टिकल्या लख्ख पेटलेल्या दिसतात, शेजारच्या काळ्या, मधे राखाडी धुकं. पेटलेल्या आहेत त्या तुमच्या डोळ्याकडे प्रकाश फेकतायत, काळ्या आहेत त्या भलतीकडे, आणि धुकं येतं टिकल्यांच्या कडांवरून, कारण कड प्रकाश सगळीकडे उधळते. आता स्केलचा हिशोब करा. मिग-२१चे पंख या टोकापासून त्या टोकापर्यंत ७.१५ मीटर, १/७२ मध्ये, म्हणजे खऱ्याच्या ७२ पट लहान मॉडेलमध्ये, ते जेमतेम १० सेंटीमीटर होतात, पण रंगातली टिकली काही लहान होत नाही. २० मायक्रॉनची (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) टिकली म्हणजे खऱ्या विमानावर जवळजवळ दीड मिलिमीटरची चमकी झाली! डोळ्याला हे लगेच कळतं, नेमकं काय चुकलंय ते सांगता आलं नाही तरी.

म्हणून टिकली बारीक हवी, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे ती झोपली पाहिजे, आणि मला या सगळ्यात सगळ्यात आवडतो तो हा भाग. समजा टिकली १० मायक्रॉन रुंद आहे आणि रंगाचा थर वाळल्यावर १० मायक्रॉन जाड राहिला, तर टिकली त्यात उभी, तिरकी, कशीही अडकून बसू शकते. तोच थर वाळून १ मायक्रॉन झाला तर तिला जागाच नाही, जास्तीत जास्त ६ अंश कलेल, बस. आरसा जितका कलतो त्याच्या दुप्पट प्रकाश वळतो हे शाळेत शिकलोय, म्हणजे ६ अंशांना १२ अंश, तेवढं चालतं, पण ३० अंश कललेली टिकली प्रकाश ६० अंश दुसरीकडे नेते आणि तिथे चमक संपली. म्हणून लॅकरचे (भराभर वाळणाऱ्या सॉल्व्हंटच्या रंगाचे) सिल्व्हर चांगले लागतात, त्यात बहुतेक सगळं सॉल्व्हंट असतं, ते उडून गेलं की थर आक्रसतो आणि आक्रसताना टिकल्यांना खाली दाबत जातो. एअरब्रशने (हवेच्या जोरावर रंग फवारणाऱ्या छोट्या यंत्राने) १२-१५ पीएसआय दाबावर हलके हलके हात मारा असं सांगतात त्याचं कारण हेच, एकदम ओला जाड हात मारला की टिकल्या तरंगतात आणि फिरतात.

काही महागड्या रंगांत टिकल्या दळून केलेल्या नसतात, निर्वात पोकळीत फिल्मवर अॅल्युमिनियमची वाफ बसवून ती खरवडून काढतात, जाडी काही दहा नॅनोमीटर. या इतक्या पातळ की खालच्या पृष्ठभागाप्रमाणे वाकतात. पण मग खालचा पृष्ठभागच गुळगुळीत हवा, किती तर आरशासारखं दिसायला उंचसखलपणा प्रकाशाच्या तरंगलांबीच्या साधारण आठव्या भागाच्या आत लागतो, ५५० नॅनोमीटरला सुमारे ७०. (समोरून बघताना. तिरकं बघितलं तर कोनाच्या कोसाइनने भागायचं, म्हणून सवलत वाढते आणि खडबडीत प्लॅस्टिकही चमकतं, तेव्हा मॉडेल समोरून तपासा.) २००० नंबरच्या वॉटर पेपरचा (अगदी बारीक पॉलिश पेपरचा) ओरखडाही याच्यापुढे मोठाच. त्यासाठी खाली ग्लॉस काळा मारतात, तो ओला असताना पृष्ठताणाने ओरखडे भरून घेतो. आणि काळाच का? टिकल्यांच्या फटींतून खाली गेलेला प्रकाश काळा गिळतो, पांढरा असता तर तो दुधाळ करून परत पाठवला असता.

“सिल्व्हर सगळ्यांच्या हाताला लागत नाही, नशीब लागतं” असंही ऐकू येतं. नशिबाचा काही संबंध नाही. मुंबई-कोकणात जुलैत लॅकर मारला की सॉल्व्हंट भराभर उडून पृष्ठभाग गार पडतो, हवेतली वाफ त्यावर बसते आणि रंग पांढुरका होतो, इतकंच. तसंच डब्यावर ‘मिरर’, ‘क्रोम’, ‘नॅनो’ लिहिलंय म्हणून पैसे घालू नका, आधी प्लॅस्टिकच्या चमच्यावर मारून बघा.

आणि खरं विमान क्रोमसारखं नसतंच. ड्युरॅल्युमिनच्या (विमानासाठी वापरतात त्या मिश्रधातूच्या) पत्र्यावर बऱ्याचदा शुद्ध अॅल्युमिनियमचा पातळ थर असतो, रोलिंगच्या बारीक रेषा असतात, त्या प्रकाश आडवा पसरवतात, म्हणून शेजारशेजारचे दोन पॅनेल एकाच उन्हात वेगळे दिसतात. मास्किंग टेप लावून चार-पाच पॅनेल किंचित गडद करा, पुरे होतं. मस्टँग हे दुसऱ्या महायुद्धातलं अमेरिकन लढाऊ विमान करणाऱ्यांनी तर लक्षात ठेवा, त्याच्या पंखांचा पुढचा भाग कारखान्यात पुट्टी भरून, घासून, वर सिल्व्हर रंग मारलेला असायचा, म्हणजे तिथे साधा रंगच बरोबर. मिगच्या नाकातला सुळका मात्र चांदी करू नका, आत रडार आहे, धातूतले इलेक्ट्रॉन रेडिओ लहरीही परत फेकतात म्हणून तो बिनधातूचा असतो आणि आपल्याकडे हिरवट रंगवलेला दिसतो.

शेवटी वार्निश. मॅट वार्निशमध्ये सिलिकाचे कण असतात, ते प्रकाश उधळतात आणि झोपवलेल्या टिकल्यांची सगळी मेहनत झाकली जाते. डेकलखाली (विमानावरच्या चिन्हांच्या, आकड्यांच्या स्टिकरखाली) लागेल तेवढ्याच जागेला ग्लॉस मारा, बाकी धातू उघडा राहू द्या आणि मॉडेल उचलताना कापसाचे हातमोजे घाला.