पॉसी आणि लिंच मॉब: जुन्या वेस्टर्न रेडिओ नाटकांत हमखास गोंधळ होतो तो इथे

जुन्या अमेरिकन वेस्टर्न रेडिओ श्रुतिका ऐकायला घेतल्या की सुरुवातीला एक गोष्ट डोक्यात नीट बसत नाही. घोड्यांच्या टापा, दहा-बारा माणसांचा गलका, कोणीतरी दोर मागतंय, कोणी ओरडतंय की तो नदीच्या अंगाला पळाला, आणि आपल्याला कळतच नाही की ही कायद्याची माणसं आहेत की कायदा हातात घेतलेली. सिनेमात छातीवरचा बिल्ला तरी दिसतो, रेडिओवर तोही नाही. कायद्याने निघालेल्या टोळीला पॉसी म्हणतात, दुसरी, खटल्याशिवाय माणसाला ठार मारणारी, ती लिंच मॉब, आणि दोघींत तीच माणसं असू शकतात. काल पॉसीत असलेला न्हावी आज मॉबमध्ये असतो, म्हणून माणसं बघून फरक करता येत नाही.

पॉसी ही इंग्लंडच्या जुन्या कायद्यातून अमेरिकेत आलेली व्यवस्था. शेरिफला, म्हणजे काउंटीच्या पोलीसप्रमुखाला, अधिकार असायचा की गरज पडली तर काउंटीतल्या (जिल्ह्यातल्या) धडधाकट पुरुषांना बोलवायचं आणि गुन्हेगाराच्या मागावर सोबत न्यायचं. पश्चिमेकडे तर याशिवाय चालणारच नव्हतं, कारण काउंटी अवाढव्य आणि शेरिफच्या हाताशी डेप्युटी (मदतनीस) मोजकेच. पण काम एवढंच, माणूस पकडायचा आणि आणून तुरुंगात टाकायचा, पुढचं जज आणि ज्युरी बघून घेतील.

याचं मला सगळ्यात पटणारं उदाहरण कॅन्ससमधल्या डॉज सिटीचं आहे, म्हणजे ज्या गावात 'गनस्मोक' ही रेडिओ मालिका घडते तेच गाव. ऑक्टोबर 1878 मध्ये स्पाइक केनेडी नावाच्या श्रीमंत टेक्सन रँचरच्या पोराने रात्री मेयर केलीच्या घरावर गोळ्या झाडल्या, मेयर तेव्हा घरी नव्हताच, आणि आत झोपलेली डोरा हँड ही गायिका मेली, जी गावात सगळ्यांची लाडकी होती. मागावर निघालेल्या पॉसीत बॅट मास्टरसन, वायट अर्प, चार्ली बॅसेट, बिल टिलमन असे एकाहून एक नामांकित कायद्याचे लोक, आणि सगळे चिडलेले. त्यांनी केनेडीला गाठलं, त्याचा घोडा मारला, त्याच्या हातात गोळी घातली, आणि मग जखमी अवस्थेत का होईना, जिवंत परत आणला. आजूबाजूला मोकळं माळरान, बघणारं कोणी नाही, तिथेच संपवला असता तर गावात कोणी जाब विचारला नसता, तरी आणला. आणि पुढे काय झालं, तर पुरावा अपुरा म्हणून तो सुटला! वाचताना संताप येतो, येणारच, पण पॉसी म्हणजे काय ते इथेच कळतं. निकाल तिच्या हातात नसतो, आणि निकाल मनासारखा लागला नाही तरी तिचं काम झालेलं असतं.

मॉबचं उलट आहे, ती निघते तेव्हाच निकाल लागलेला असतो. यातही एक सभ्य दिसणारा प्रकार आहे, व्हिजिलन्स कमिटी, म्हणजे कायदा आपल्या हातात घेणाऱ्या नागरिकांची संघटना; त्यातले लोक ते व्हिजिलांटी. सॅन फ्रान्सिस्कोत 1851 आणि 1856 साली अशा कमिट्या झाल्या, शहरातले प्रतिष्ठित व्यापारी त्यात, सभासदांच्या याद्या, नियम, सगळं पद्धतशीर, आणि दोन्ही वेळा प्रत्येकी चार माणसं फासावर गेली. कोर्ट नव्हतं म्हणून लोकांनी असं केलं हे कारण नेहमी दिलं जातं, पण सॅन फ्रान्सिस्कोत तर कोर्ट होतं, यांचा त्यावर विश्वास नव्हता इतकंच. मोंटानात बॅनॅक गावी 10 जानेवारी 1864 ला तर व्हिजिलांटींनी चक्क शेरिफलाच लटकवलं, हेन्री प्लमर त्याचं नाव, आरोप असा की तोच लुटारूंच्या टोळीचा म्होरक्या. त्या हिवाळ्यात तिकडे वीसेक माणसं तरी अशीच गेली. प्लमर खरंच दोषी होता का यावर इतिहासकार आजही भांडतात, कारण खटलाच झाला नाही, त्याची बाजू कुठे नोंदलीच गेली नाही. मॉबने केलेलं हे नुकसान लोक विसरतात, माणूस जातोच पण खरं काय होतं तेही त्याच्याबरोबर जातं.

या दोन्हींच्या मधली एक भानगड आहे, खाणकामगारांचं कोर्ट. 2 ऑगस्ट 1876 ला डेडवुड या सोन्याच्या खाणींच्या गावात पत्ते खेळत बसलेल्या वाइल्ड बिल हिकॉक या नामांकित बंदूकबाजाला जॅक मॅकॉलने मागून डोक्यात गोळी घातली. दुसऱ्या दिवशी गावकऱ्यांनीच ज्युरी बसवली, मॅकॉल म्हणाला हिकॉकने माझ्या भावाला मारलं होतं, आणि ज्युरीने त्याला सोडून दिलं. नंतर त्याला परत पकडून डाकोटा प्रदेशाच्या राजधानीत, यँक्टनला, खटला चालवला. एकाच गुन्ह्यासाठी दोनदा खटला कसा असं कोणी विचारेल, तर डेडवुड तेव्हा करारानुसार लाकोटा या मूळनिवासी लोकांच्या जमिनीवर बेकायदा वसलेलं गाव होतं, त्यामुळे तिथलं कोर्ट हे कोर्टच नव्हतं. 1 मार्च 1877 ला मॅकॉल फासावर गेला. म्हणजे ज्युरी बसली, साक्षी झाल्या, तरी मागे अधिकार नसेल तर ते सगळं शून्य.

अंधश्रद्धा इथूनच आत येते. मरताना हिकॉकच्या हातात काळे एक्के आणि काळ्या अठ्ठ्या होत्या असं म्हणतात, आणि ती पानं अपशकुनी ठरली ती आजपर्यंत. नुसत्या पत्त्यांपुरतं असतं तर बोलायचं काही कारण नव्हतं. पण युरोपातून आलेल्या लोकांनी सोबत आणखी एक समजूत आणली होती की खुन्याने हात लावला की प्रेताच्या जखमेतून परत रक्त येतं, आणि असल्या गोष्टींवरून माणसाचा जीव जाऊ शकतो. मॉबला पुरावा नको असतो, खूण पुरते. तो गावात आल्यापासून गुरं मरतायत, तो एकटाच राहतो, त्याची नजर बरोबर नाही, बस्स. मला वाटतं वेस्टर्न नाटकांत अंधश्रद्धा आणि झुंड सोबत येतात ती याच कारणाने, दोन्हीकडे प्रश्न विचारायच्या आधीच उत्तर तयार असतं.

'लोन रेंजर'मध्ये तर हे मुद्दाम उलटं केलंय. 1933 मध्ये डेट्रॉइटच्या स्टेशनवरून सुरू झालेली ही मालिका, नायक तोंडावर मास्क लावून फिरतो, म्हणजे दिसायला पक्का व्हिजिलांटी, आणि त्याच्याकडे चांदीच्या गोळ्या. लोककथांत चांदीची गोळी भुताखेतांना मारायला असते, इथे ती त्याला स्वतःला आठवण करून द्यायला आहे की जीव चांदीसारखा मौल्यवान, गोळी जपून झाड. तो ठार मारायला गोळी झाडत नाही, आणि पकडलेला माणूस शेरिफच्या ताब्यात देऊन निघून जातो. मास्क आहे म्हणून त्याला मॉबच्या रांगेत बसवू नका, शेवटी कैदी कुठे पोचतो ते बघा.

आणि जिथे खरंच सांगता येत नाही अशी केस हवी असेल तर ॲरिझोनातलं टूमस्टोन, 1882. डिसेंबर 1881 मध्ये व्हर्जिल अर्पवर हल्ला होऊन त्याचा हात निकामी झाला, मार्चमध्ये मॉर्गन अर्पचा खून झाला, आणि तिसरा भाऊ वायट डेप्युटी यूएस मार्शल, म्हणजे केंद्र सरकारचा कायदा अधिकारी, या नात्याने पॉसी घेऊन निघाला. कागदावर पॉसीच. पण मॉर्गनच्या खुनानंतर दोन-तीन दिवसांतच टूसॉनच्या रेल्वे यार्डात संशयित फ्रँक स्टिलवेल गोळ्यांनी चाळण झालेला मिळाला, वायटवर खुनाचं वॉरंट निघालं, आणि शेरिफ बेहान त्याला पकडायला दुसरी पॉसी घेऊन मागे लागला. बिल्ला दोघांकडे. माझं मत सरळ आहे, संशयित कोर्टात पोचवायचा इरादाच नसेल तर ती पॉसी नव्हे, भाऊ गेल्याचं दुःख कितीही खरं असो.

आता ऐकताना ओळखायचं कसं. 'गनस्मोक' रेडिओवर 1952 ते 1961 चाललं, त्यातल्या नायकाचा, मार्शल मॅट डिलनचा, आवाज विल्यम कॉनराडचा, आणि यातली शांतता ऐकण्यासारखी आहे. फळ्यांच्या फुटपाथवर बूट, स्परची (बुटाला लावलेल्या आरीची) किणकिण, मग बराच वेळ काहीच नाही. पॉसी निघते तेव्हा नावं घेतली जातात, कोण येणार कोण थांबणार ते ठरतं, एकेकाचा आवाज वेगळा कळतो. मॉबमध्ये नावं गायब होतात, सगळे 'आम्ही' होऊन बोलतात. म्हणून तुरुंगाच्या दारात उभा राहिलेला मार्शल काय करतो तर गर्दीतल्या एकेकाला नावाने हाक मारतो. नाव घेतलं की तो माणूस गर्दीतून सुटा होतो आणि उद्या जबाब त्याला द्यायचाय हे त्याच्या लक्षात येतं.

'द गिटार' नावाचा याच मालिकेतला एपिसोड मात्र आधी चारपाच साधे एपिसोड ऐकून झाल्यावर ऐका. एक भोळाभाबडा, गिटार घेऊन फिरणारा माणूस, त्याला छळणारे दोन मस्तवाल गडी, आणि मग ते दोघं लटकलेले सापडतात. गावात कोणी तोंड उघडत नाही. त्या दोघांचा आपल्यालाही इतका राग आलेला असतो की बरं झालं असंच वाटतं, आणि लेखकाला नेमकं तेच हवंय, कारण पहिल्यांदा आपण मॉबच्या आत उभे असतो आणि मार्शल बाहेरून प्रश्न विचारत असतो.