पाच पौंडांवर अडकलेला काटा

आमच्या घरची अॅम्बेसेडर 1977 सालची, मार्क थ्री. वडिलांनी ती जीव लावून वापरली आणि आता ती माझ्याकडे आहे. गेल्या मे महिन्यात भर दुपारी पन्हाळा चढून-उतरून कोल्हापुरात आलो, दसरा चौकात सिग्नलला थांबलो आणि डॅशबोर्डवरचा ऑइलचा लाल दिवा लुकलुकायला लागला. जरा रेस दिली की विझायचा, पाय उचलला की पुन्हा पेटायचा. सकाळी निघताना मात्र त्याचा मागमूस नव्हता.

एका गॅरेजमध्ये दाखवली. बॉनेटसुद्धा न उघडता उत्तर मिळालं, "पंप गेला, बदलून टाका." हे निदान मला पटलं नाही. पंप खरोखरच गेला असता, तर पन्हाळ्याच्या चढावर इंजिनाने असा दम धरला नसता. मग उद्यमनगरातल्या एका जुन्या मेस्त्रींकडे गेलो. ऑइल इंजिनं, लेथ, फौंड्री, क्रँक ग्राइंडिंग यांतच त्या भागातल्या दोन-तीन पिढ्या वाढल्या आहेत. मेस्त्रींनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मालक, दिव्याचं ऐकून इंजिन खोलायचं नसतंय. आधी प्रेशर मोजूया की."

मोजायचं म्हणजे नेमकं काय मोजायचं? पंप प्रेशर तयार करतो, असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात तो फक्त तेल ढकलतो. दर फेऱ्याला ठरावीक माप, म्हणजे इंजिन दुप्पट वेगाने फिरलं की तेलही साधारण दुप्पट. प्रेशर उभं राहतं ते पुढच्या अडथळ्यामुळे. पंचगंगेच्या काठावर मोटर लावून उसाला पाणी नेणाऱ्याला हे सांगावं लागत नाही. वरच्या टोकाला एकच चावी किलकिली असेल तर पाइप तटतटून फुगतो. वाटेत चार चाव्या कुणी उघडल्या की मोटर तीच, तरी शेवटच्या रानात धार मरते. इंजिनातल्या चाव्या म्हणजे बेअरिंग आणि शाफ्ट यांमधल्या फटी. मेन (क्रँकशाफ्टला, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याला धरणारं बेअरिंग), बिगएन (पिस्टनचा दांडा क्रँकला जोडतो तिथलं बेअरिंग), व्हॉल्व्ह हलवणारे कॅमशाफ्ट आणि रॉकर शाफ्ट अशा प्रत्येक ठिकाणाहून तेल सतत बाहेर झिरपतं आणि खाली चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाच्या बुडाच्या तेलाच्या भांड्यात पडतं. तसं ते झिरपायलाच हवं, कारण जाताना ते उष्णता घेऊन जातं. किती झिरपतंय, एवढाच प्रश्न असतो.

इथे एक जुना प्रयोग आठवतो. 1883 साली इंग्लंडमध्ये ब्यूचँप टॉवर हे इंजिनिअर रेल्वेच्या आसाचं बेअरिंग तपासत होते. तेल घालायला म्हणून त्यांनी बेअरिंगला वरून भोक पाडलं, तर आस फिरू लागताच त्यातून तेल उलटं वर आलं. बूच मारलं, ते निघालं. लाकडी खुंटी ठोकली, तीही बाहेर ढकलली गेली. शेवटी गेज लावला, तर काटा 200 पौंडांच्या (दर चौरस इंचावर) रेघेपलीकडे गेला. बेअरिंगवरचा सरासरी भार होता त्याच्या निम्मा! तिथे पंप नव्हताच. फिरणारा आस स्वतःच तेल ओढून अरुंद होत जाणाऱ्या फटीत पाचरीसारखं ठोकत होता आणि त्या पाचरीवर तरंगत होता. 1886 मध्ये ऑस्बर्न रेनॉल्ड्स यांनी त्याचं गणित मांडलं, आणि आजही बेअरिंगची रचना त्याच समीकरणावर होते. पावसात वेगाने जाणाऱ्या गाडीचा टायर पाण्याच्या थरावर चढतो, तोही हाच प्रकार.

म्हणजे आपल्या इंजिनात क्रँकला उचलून धरणारं बळ डॅशबोर्डवरच्या काट्याला दिसतच नाही. ते बेअरिंगच्या आत तयार होतं. पंपाकडून येणाऱ्या 40-50 पौंडांचं काम त्या पाचरीला तेल कमी पडू न देणं, एवढंच. तरीही तो काटा मोलाचा, कारण फटी किती वाढल्या याची बातमी इंजिन न खोलता तोच देतो.

ही बातमी वाचताना दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्या लागतात. पहिली म्हणजे उष्णता. 20डब्ल्यू-50 हे तेल 40 अंशांना जेवढं दाट असतं, त्याच्या मानाने 100 अंशांना ते आठ-नऊ पट पातळ होतं. सकाळी दिवा न लागण्याचं रहस्य इथेच होतं. थंड, दाट तेल मोठ्या फटीतूनही चटकन निसटत नाही. दुसरी गोष्ट मला सगळ्यांत विलक्षण वाटते. फटीतून झिरपणारं तेल फटीच्या रुंदीच्या घनाप्रमाणे वाढतं. नव्या बेअरिंगची फट साधारण दोन थाऊ, म्हणजे इंचाचे दोन हजारांश, जवळपास केसाच्या जाडीएवढी. ती तीन थाऊ झाली की गळती दीडपट वाढेल असं वाटतं, पण ती तीन पटींहून जास्त वाढते. चार थाऊ झाली तर आठ पट. एका थाऊची झीज एवढा गोंधळ घालते ती यामुळे.

आता तपासणी. मेस्त्रींनी सगळ्यांत आधी तेलाची पातळी बघायची पट्टी काढली. तेल कमी आहे का, एवढंच लोक बघतात. त्यांनी तेल बोटावर घेऊन वासही घेतला. मेकॅनिकल फ्युएल पंपाचा पडदा फाटला तर पेट्रोल चेंबरमध्ये उतरतं, तेलाची पातळी उलट वाढते आणि तेल पाण्यासारखं होतं. अशा वेळी बेअरिंग बदलून काहीही साधत नाही. रेडिएटरचं पाणी मिसळलं असेल तर तेल दुधाळ दिसतं. आमचं तेल या दोन्ही बाबतींत स्वच्छ निघालं.

मग ब्लॉकवरचा दिव्याचा स्विच काढून तिथे तांब्याच्या नळीचा मेकॅनिकल गेज जोडला. दिव्याचा स्विच साधारण पाच-सात पौंडांवर काम करतो, त्यामुळे तो फार उशिरा बोलतो, आणि जुना झाला की खोटंही बोलतो. थंड इंजिनावर गेजने 75 पौंड दाखवले. मेस्त्रींच्या कपाळाला आठी पडली. या इंजिनाला चालत्या गाडीत 50च्या आसपास पुरे. पंधरा-वीस किलोमीटर फिरवून आणल्यावर स्लोवर, म्हणजे रेस न देता इंजिन नुसतं चालू असताना, पाच-सहा पौंड, आणि तीन हजार फेऱ्यांना जेमतेम 25. स्लोवर किमान 15 तरी हवे होते.

थंड असताना जास्त आणि तापल्यावर कमी, या जोडीने त्यांचं लक्ष रिलीफ व्हॉल्व्हकडे वळलं. हा व्हॉल्व्ह म्हणजे स्प्रिंगने दाबून धरलेला एक प्लंजर. प्रेशर ठरावीक हद्दीपलीकडे गेलं की तो मागे सरकतो आणि जादा तेल परत चेंबरमध्ये सोडतो. त्याच्या बैठकीवर कचऱ्याचा कण अडकला तर तो उघडाच राहतो आणि प्रेशर थंड-गरम दोन्ही वेळी कमी दिसतं. आमच्यात नट खोलला, तर स्प्रिंगखाली दोन जादा वायसर निघाले. आधी कुणीतरी प्रेशर वाढवायला म्हणून ते टाकले होते.

हे बऱ्याच ठिकाणी केलं जातं, म्हणून त्यावर थोडं थांबतो. वायसर टाकल्याने स्प्रिंग घट्ट होते आणि व्हॉल्व्ह उशिरा उघडतो. पण गरम इंजिन स्लोवर असताना तो मुळात बंदच असतो! मेस्त्रींनी वायसर काढून पुन्हा मोजलं. थंड इंजिनाचं प्रेशर 75 वरून 55 वर आलं, आणि गरम स्लोचं पाच-सहावरच राहिलं. दुखणं जिथे होतं तिथे वायसरचा काडीचाही उपयोग झाला नव्हता, उलट रोज सकाळी पंपावर आणि त्याच्या ड्राइव्हवर नाहक ताण पडत होता. अति दाट तेल भरून काटा वर आणणं हीसुद्धा तशीच फसवणूक. काटा दिसतो वर, पण फटी तेवढ्याच राहतात आणि थंड इंजिनात रॉकरपर्यंत तेल पोचायला वेळ लागतो.

वळणावर किंवा ब्रेक मारताना काटा पडत असता तर तेलाची पातळी कमी असल्याचा, किंवा पंप हवा ओढत असल्याचा संशय घेतला असता. एकाच वेगाने जाताना तो हळूहळू खाली येत गेला असता तर पंपाच्या तोंडाची तेल गाळणारी जाळी तुंबल्याचा. आमचा काटा स्थिर होता, फक्त खाली होता. आवाजही नव्हता. बिगएन ढिलं झालं की टकटक येते आणि त्या सिलिंडरच्या प्लगची वायर काढली की ती मंदावते. तसं काही ऐकू येईना. मेस्त्री म्हणाले, "आवाज यायच्या आत आलाय, हे बरं झालं बघा."

चेंबर उतरवलं. पंप उघडून फिलर गेजने (फट मोजायच्या पातळ पात्यांनी) तपासला, त्यातल्या रोटरची, म्हणजे तेल ढकलणाऱ्या फिरत्या भागाची फट पाच थाऊंच्या आतच होती. जो पंप बदलायला सांगितला होता, तो धडधाकट निघाला. मग बेअरिंगची एकेक कॅप काढून शाफ्टवर प्लास्टिगेजचा तुकडा ठेवायचा, कॅप नेमक्या टॉर्कने आवळायची, पुन्हा काढायची. मेणासारखी ती बारीक दोरी चेपून जेवढी रुंद होते, तेवढी फट कमी. या इंजिनाला मेन बेअरिंग तीनच. मधल्या मेनला चार थाऊ फट निघाली, बाकी दोन्हींना तीन. मधल्या शेलवरचा (बेअरिंगच्या अर्धगोल पत्र्यावरचा) राखाडी थर जाऊन खालचं तांबं दिसत होतं.

क्रँक शेजारच्याच शेडमध्ये 20 थाऊ ग्राइंड करून, म्हणजे घासून तेवढी बारीक करून आणली. मेन आणि बिगएनचे शेल त्या मापाचे घातले, आणि कॅमशाफ्टचे बुशही बदलले. हे बुश बहुतेक जण विसरतात, मग नवीन बेअरिंग घालूनही प्रेशर येत नाही. क्रँकमधल्या तेलाच्या वाटा ग्राइंडिंगनंतर तारेने आणि हवेने साफ करायला मेस्त्रींनी स्वतः हात घातला, तिथे पोराला पाठवलं नाही.

इंजिन बसल्यावर लगेच चालू केलं नाही. चारही प्लग काढून थांबत थांबत स्टार्टर मारला, गेजचा काटा हलेपर्यंत. कोरड्या बेअरिंगवर पहिला स्फोट पडू नये म्हणून. तिसऱ्या खेपेला काटा उचलला, तेव्हा मेस्त्रींनी प्लग लावायला घेतले.

परवा पुन्हा पन्हाळ्याला जाऊन आलो. ऊन तेवढंच होतं. दसरा चौकात सिग्नल लागला, गाडी स्लोवर, काटा 19-20 पौंडांच्या मध्ये.